महापालिकेच्या वकिलामागे चार आठवडे: सोलापुरातल्या विधी विद्यार्थ्यांसाठी एका इंटर्नशिपचं परीक्षण

विधी महाविद्यालयातल्या मुलांना इंटर्नशिप म्हटली की दोनच वाटा आठवतात: ओळखीच्या वकिलांचं ऑफिस, नाहीतर पुण्या-मुंबईतली एखादी फर्म. महापालिकेची बाजू मांडणाऱ्या वकिलाबरोबर चार आठवडे काढायचे, ही तिसरी वाट सहसा सुचतच नाही. ज्याला पुढे याच जिल्ह्यात दिवाणी आणि मालमत्तेच्या कामांची वकिली करायची आहे, त्याच्यासाठी मात्र याहून उपयोगी इंटर्नशिप सोलापुरात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच, चारही आठवडे कोर्टाच्या बाकावर बसून घालवायचे नाहीत. महापालिकेच्या दाव्याचा निकाल बऱ्याचदा नोटीस लिहिली आणि बजावली त्याच दिवशी ठरून गेलेला असतो. ती नोटीस तयार होते झोन ऑफिसात, आणि शिकायचं तिथे आहे.

आधी नियमांचं बघू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. कुठे करायची त्या यादीत स्थानिक स्वराज्य संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे ‘महापालिकेतली चालेल का’ ही शंका नको. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे बसावंच लागतं. महापालिकेच्या पॅनेलवरच्या, म्हणजे बाहेरून नेमलेल्या, वकिलाकडे केलेली इंटर्नशिप यातल्या कुठल्या रकान्यात धरायची, हे कॉलेजच्या प्राध्यापकांना सुरुवातीलाच विचारून घ्या. प्रमाणपत्रावरचा मजकूर त्यावर ठरतो आणि नंतर बदलून मागणं अवघड जातं. कपडे म्हणजे काळी किंवा पांढरी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. बँड आणि गाऊन फक्त सनद असलेल्यांचा. सगळा पोशाख जमला नाही तर पांढरी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट एवढं तरी हवंच.

आत शिरायचे दरवाजे दोन. एक महापालिकेच्या विधी विभागाचा, म्हणजे पगारी विधी अधिकारी किंवा विधान सल्लागारांचा. दुसरा पॅनेलवरच्या वकिलाचा, म्हणजे स्वतःची वकिली सांभाळून महापालिकेची प्रकरणं चालवणाऱ्यांचा. पहिल्याकडे तुम्हाला टिपणी, अभिप्राय, करारनामे, आणि एखादा विभाग कायद्याचा सल्ला कसा मागतो हे दिसेल. दुसऱ्याकडे बोर्ड (कोर्टाची त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी), तारखा, युक्तिवाद आणि पक्षकाराची घाई दिसेल. निवडायची वेळ आली तर पहिले दोन आठवडे विभागात आणि पुढचे दोन वकिलाकडे मागून घ्या. उलट क्रमाने गेलात तर कोर्टात काय चाललंय ते समजायलाच निम्मे दिवस जातात.

अर्ज करताना कॉलेजचं शिफारसपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स, हव्या असलेल्या तारखा आणि वर्ष-सत्र लिहून आयुक्तांच्या नावे आवक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, कारण पाठपुरावा करताना नाव नाही, क्रमांक विचारतात. महिनाभर आधी अर्ज टाका. पॅनेलवरच्या वकिलांना मात्र प्रत्यक्ष भेटलेलं बरं, आणि तेही संध्याकाळी. सकाळी साडेदहाला कोणत्याही वकिलाला गाठून इंटर्नशिप मागितली तर होकार येणं कठीण. तुमच्या घरचा किंवा नातलगांचा महापालिकेविरुद्ध दावा असेल, घरपट्टीची तक्रार का असेना, तो पहिल्याच भेटीत सांगा. मानधनाची अपेक्षा धरू नका, झेरॉक्स आणि पेट्रोलचा खर्च आपला आहे असं धरूनच चला.

आता मुख्य गोष्ट, ती फाईल. अनधिकृत बांधकामाची एखादी साधी फाईल मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. आत साधारण या क्रमाने कागद येतात: तक्रार अर्ज किंवा कनिष्ठ अभियंत्याचा पाहणी अहवाल, मोजमापाचा कच्चा नकाशा, कारणे दाखवा नोटीस, बजावणीची पोच किंवा चिकटवल्याचा पंचनामा, मालकाचा खुलासा, सुनावणीची नोंद, अंतिम आदेश. प्रत्येक कागदावर तीन गोष्टी शोधा: तारीख, जावक क्रमांक, सही कोणाची आणि कोणत्या पदाने. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आयुक्त आपले अधिकार कलम ६९ खाली खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवतात आणि बांधकामाच्या नोटिशींसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमलेला असतो. ज्याने सही केली त्याला त्या तारखेला तो अधिकार होता का, याचा आदेश फाईलमध्ये नसेल तर तो आधी शोधून लावणं हे इंटर्नने करण्यासारखं पहिलं खरं काम. वादीचा वकील पहिला घाव इथेच घालतो.

नोटीस जवळून वाचायला शिका. कलम २६० मंजुरीविरुद्ध किंवा नियमांविरुद्ध चाललेल्या बांधकामासाठी, कलम २६४ पडायला आलेल्या इमारतीसाठी, कलम २६७ चालू काम थांबवण्यासाठी, कलम ४७८ लेखी परवानगीशिवाय केलेल्या कामासाठी. रस्त्यावरचं अतिक्रमण कलम २३१ खाली नोटिशीशिवायही काढता येतं. नगररचनेच्या बाजूने गेलं तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातली कलम ५२ ते ५५ येतात. एकाच नोटिशीत दोन-तीन कलमं सरसकट घातलेली असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, कारण जुना मसुदा कॉम्प्युटरवर असतो आणि नाव-पत्ता बदलून तोच छापला जातो. २६० मध्ये आधी खुलासा मागावा लागतो, २३१ मध्ये नाही. दोन्ही एकत्र लिहिली की मालकाला खुलाशाची संधी होती की नव्हती यावरच कोर्टात पहिली तारीख जाते.

त्यानंतर नाव. सिटी सर्व्हे उताऱ्यावर आजोबांचं नाव, ते वारलेले, घरात तीन भाऊ, वीजबिल चौथ्याच्या नावावर. नोटीस मयताच्या नावाने गेली तर ती कागदालाच बजावली गेली असं समजा. उतारा, कर विभागाची नोंद आणि जागेवर प्रत्यक्ष राहणारा माणूस, या तिन्हींची नावं घेऊन ‘मालक आणि भोगवटादार’ असं लिहून प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी लागते. मग मोजमाप. मंजूर नकाशा मीटरमध्ये, पंचनामा फुटात, आणि नोटिशीत दोन्ही नाहीत, नुसतं ‘वाढीव बांधकाम’ असं लिहिलेलं. किती लांब, किती रुंद, कुठल्या दिशेचं सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) किती सोडायला हवं होतं आणि प्रत्यक्ष किती सुटलंय, हे आकड्यांत हवं. अभियंत्याबरोबर जागेवर गेलात तर टेपचं शून्य टोक तुम्ही धरा आणि कुठल्या पक्क्या खुणेपासून मोजलं ते लिहून ठेवा. लाइटचा खांब ही पक्की खूण नव्हे, तो हलतो. शेजारच्या घराचा कोपरा किंवा प्लॉटचा हद्दीचा दगड धरा.

बजावणीत सगळ्यात जास्त घोळ होतात. घर बंद म्हणून नोटीस दारावर चिकटवली, तर पंचनाम्यावर वेळ, दोन पंचांची पूर्ण नावं-पत्ते आणि सह्या, आणि दरवाजा ओळखू येईल असा फोटो हवा. नुसत्या कागदाचा जवळून काढलेला फोटो काही सिद्ध करत नाही. दोन्ही पंच त्याच विभागाचे कर्मचारी असतील तर उलटतपासात ते टिकवणं जड जातं. रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट ‘घर बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं की ते न फोडता फाईलला लावायचं. फोडलेलं पाकीट म्हणजे गेलेला पुरावा.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर हे सगळं आणखी काटेकोर झालं आहे. पाडकामाआधी कारणे दाखवा नोटीस रजिस्टर पोस्टाने द्यायची आणि शिवाय बांधकामावर चिकटवायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस द्यायचे, सुनावणीचं इतिवृत्त ठेवायचं, अंतिम आदेशात कारणं लिहायची, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचं, आणि पाडकामाचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही, आणि जिथे कोर्टानेच पाडायला सांगितलं आहे तिथेही नाही. त्यामुळे बांधकाम खासगी प्लॉटवर आहे की रस्त्यावर, ही एकच ओळ सगळी प्रक्रिया ठरवते. हा निकाल पहिल्या आठवड्यात मुळातून वाचा आणि त्यातल्या अटींचा एका पानाचा तक्ता करून प्रत्येक फाईल त्याला लावून बघा. वकिलांना असा तक्ता भरून मिळाला की ते तुम्हाला पुढचं काम आपणहून देतात.

कोर्टाची बाजू. समन्स महापालिकेच्या आवक विभागात येतं, तिथून विधी विभागात, तिथून संबंधित विभागाकडे परिच्छेदवार अभिप्रायासाठी, मग वकिलाची नेमणूक, वकालतनाम्यावर सही, आणि त्यानंतर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्ट कारणं नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. कुठल्याही महापालिकेत हे दिवस कोर्टात नव्हे, टेबलांमध्ये जातात. अभियंत्याकडून येणारा अभिप्राय पुष्कळदा ‘परिच्छेद ३ मधील मजकूर मान्य नाही’ एवढाच असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नुसार मोघम नकार हा नकार धरला जात नाही. का मान्य नाही, खरं काय आहे, आणि त्याचा कागद फाईलच्या कुठल्या पानावर आहे, अशा तीन रकान्यांचा कोरा नमुना करून तो अभियंत्यासमोर बसून भरून घेणं हे इंटर्न चांगलं करू शकतो. अभियंते कामात बुडालेले असतात, पण समोर बसून विचारलं तर जागेची सगळी माहिती तोंडपाठ सांगतात. ती कागदावर उतरवणारं कोणी नसतं एवढंच.

महापालिकेविरुद्ध दावा आला की वकील आधी महापालिका अधिनियमाचं कलम ४८७ बघतात. दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस मिळाली होती का, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत आहे का. मग कलम ४३३अ: २६०, २६१, २६४, २६७ आणि ४७८ खालच्या नोटिशींना दाव्यात आव्हान देता येत नाही. यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ चा, म्हणजे दावा सुरुवातीलाच फेटाळा असा अर्ज जातो. वादी म्हणतो की नोटीस देणाऱ्याला अधिकारच नव्हता किंवा कायद्याची पद्धत पाळलीच नाही, आणि सगळा भार पुन्हा त्या फाईलवर येऊन पडतो.

खरी धावपळ निशाणी ५ ची, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाची. वादी दाव्याबरोबर तो देतो आणि त्याच दिवशी ‘जैसे थे’ मागतो. म्हणून नोटीस बजावली की वकील कॅव्हेट टाकतात, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज. कॅव्हेट ९० दिवस चालतं, आणि त्याची प्रत समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. इथे चुकतं ते असं: ९१ व्या दिवशी कोणाच्या लक्षात नसतं, किंवा कॅव्हेट एका भावाच्या नावाविरुद्ध असतं आणि दावा दुसरा भाऊ लावतो. दाखल तारीख, संपण्याची तारीख, नोटिशीतली सगळी नावं, मालमत्तेचा क्रमांक असं रजिस्टर साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा. सोबत प्रत्येक दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (दाव्याची स्वतंत्र ओळख) कोर्टांच्या ईकोर्ट्स अॅपमध्ये साठवून रोज संध्याकाळी उद्याचं बोर्ड काढा. अॅपवरची तारीख आणि रोजनाम्यातली, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीतली, तारीख जुळत नसेल तर रोजनामा खरा धरून शिरस्तेदारांकडे खात्री करा.

सोलापूरचं म्हणून जे वेगळं आहे, ते हद्दवाढ भागात दिसतं. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, बाळे, केगाव असा सगळा पट्टा शहरात आला. तिथल्या कागदांत गावचा जुना सर्व्हे नंबर, नंतरचा गट किंवा प्लॉट नंबर आणि महापालिकेचा मिळकत क्रमांक अशा तीन ओळखी एकाच जागेला असतात, आणि दाव्यात एक, नोटिशीत दुसरी, खरेदीखतात तिसरी लिहिलेली असते. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागांवर २००१ चा गुंठेवारी अधिनियम लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीने नियमित करण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली, त्यामुळे त्या तारखेआधी प्लॉट पडला होता का याचा पुरावा शोधणं हे मोठं काम. पूर्व भागात गेलात की प्रश्न बदलतो. खाली यंत्रमागाची शेड, वर राहतं घर. कर आकारणी निवासी की बिगरनिवासी, शेडला परवानगी होती का, पत्रा काढून स्लॅब कधी टाकला. इथे तेलुगू येणारा विद्यार्थी, आणि शहराच्या इतर पेठांतून कन्नड किंवा उर्दू येणारा, वकिलाला सोन्यासारखा. सुनावणीला आलेल्या आजींना नोटिशीत काय लिहिलंय हे त्यांच्या भाषेत समजलं, तर खुलाशात मूळ मुद्दा येतो आणि निम्मे वाद तिथेच कमी होतात.

फेरीवाल्यांच्या प्रकरणात २०१४ चा पथविक्रेता अधिनियम सोबत ठेवा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत हटवता येत नाही, हे कलम ३ प्रत्येक दाव्यात येतं. घरपट्टीच्या अपिलांत महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ ची १५ दिवसांची मुदत आणि रक्कम आधी भरण्याची अट, एवढं माहीत असलं की पुरे. मोठी लढत बघायची असेल तर सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचं प्रकरण अभ्यासा. जून २०२३ मध्ये ती पाडली गेली, पण त्यामागे बांधकाम परवानगी, विमानसेवेला तिचा अडथळा आणि वर्षानुवर्षांची कोर्टबाजी होती. त्यातले आदेश वाचले तर पाडकामाआधीची प्रक्रिया किती लांब असते ते कळतं.

उणिवाही सांगायला हव्यात. फौजदारी खटला इथे जवळजवळ दिसत नाही. साक्षीपुरावा चार आठवड्यांत पूर्ण बघायला मिळणं नशिबाचं, कारण अशी बरीच प्रकरणं निशाणी ५ वरच अडतात. पहिले काही दिवस कोणी काही शिकवत नाही, फाईल पुढे सरकवतात आणि वाचा म्हणतात. ज्याला सतत कोणी समजावून सांगायला हवं, त्याने ही वाट धरू नये. विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहून तारीख मागण्याचाही अधिकार नाही, वकिलांनी गडबडीत सांगितलं तरी नम्रपणे नाही म्हणा. फाईलचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणं तर पूर्ण वर्ज्य. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ वकिलाच्या कारकुनालाही गुप्ततेत बांधतं, तुम्ही त्याच टेबलावर बसलेले आहात. डायरीत पक्षकाराचं नाव न लिहिता फक्त दाव्याचा प्रकार आणि मुद्दा लिहा.

महिना कोणता धरायचा? मे नको, दिवाणी कोर्टांना सुटी असते आणि उन्हात जागेची पाहणी सकाळी आठच्या आत उरकावी लागते. मार्चमध्ये सगळं कार्यालय करवसुली आणि जप्तीत अडकलेलं असतं. आमची पसंती जूनच्या मध्यापासून पुढच्या चार आठवड्यांना: कोर्टं उघडलेली, पावसाळ्यामुळे धोकादायक इमारतींच्या २६४ च्या नोटिसा चालू, आणि त्यांत भाडेकरू-मालकांचे खरे पेच बघायला मिळतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पाठपुरावा होत नाही.

खालच्या कोर्टातलं काम मराठीत चालतं, उच्च न्यायालयात इंग्रजीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूरची रिट आणि अपिलं तिकडे जाऊ लागली. पूर्वी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठावी लागे. आता वकील भल्या पहाटे गाडीने निघतात. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की नोटिसा, पंचनामे आणि आदेश यांचं इंग्रजी भाषांतर आदल्या संध्याकाळी लागतं. कैफियतीतला ‘भोगवटादार’ आणि पंचनाम्यातला ‘कब्जेदार’ हा एकच माणूस असेल तर भाषांतरात एकच शब्द वापरा, नाहीतर न्यायमूर्तींपुढे एकाच माणसाच्या दोन भूमिका उभ्या राहतात. आणि कोल्हापूरच्या तारखा आधीच विचारून ठेवा: डायरीवर मार्गदर्शकाची सही दर आठवड्याला घ्यायची असते, शेवटच्या शुक्रवारी वकील कोल्हापूरला असतील तर प्रमाणपत्र पुढच्या महिन्यात जातं.